काळ्या कापडावरचा पंख

केळी जरा जास्त पिकली की ओट्याभोवती जी बारकी चिलटं घोंघावायला लागतात, त्यांच्या पंखांचा रंग कोणता? कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे. रंग कसला आलाय, पारदर्शक असतात. फार तर जरा धुरकट म्हणा. पांढऱ्या कागदावर मेलेलं चिलट ठेवून भिंगातून पाहिलंत तरी हेच दिसेल. चार-सहा शिरा आणि शिरांच्या मधे काचेसारखा पडदा.

आता तेच चिलट काळ्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवा. खिडकीतला मऊ, पसरट उजेड एका बाजूने त्याच्यावर येऊ द्या आणि कापड हळूहळू फिरवत राहा. एका ठिकाणी आल्यावर पंख एकदम पेटतो. (दुसरा शब्द सुचत नाही.) बुडाशी हिरवा, मग किरमिजी-गुलाबी, मग पुन्हा पिवळसर हिरवा आणि टोकाकडे निळा-जांभळा. जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरच्या पंखावर एवढं सगळं. आणि हे कुणाचं, तर ज्याला आपण फडक्याने झटकतो त्या चिलटाचं!

गेली काही वर्षं माझे बरेचसे शनिवार-रविवार या पंखांचे फोटो काढण्यात जातात. आज लिहायचं आहे ते त्या रंगाबद्दल, आणि तो 'खरा' आहे का या एका प्रश्नाबद्दल. प्रश्न माझा नाही, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा आहे. पण त्या प्रश्नापर्यंत जायला आधी थोडं विज्ञान लागेल. थोडंच, घाबरू नका.

पावसाळ्यात रस्त्यावरच्या ओल्या डांबरावर पेट्रोल सांडलं की सप्तरंगी तवंग दिसतो, तो सगळ्यांनी पाहिलाय. साबणाचे फुगेही पाहिलेत. तिथे कुणी रंग कालवलेला नसतो. पातळ थरावर उजेड पडला की त्यातला काही वरच्या पृष्ठभागावरूनच परततो आणि काही आत शिरून खालच्या पृष्ठभागावरून परततो. हे दोघे पुन्हा एकत्र येतात तेव्हा दुसरा थोडा जास्त चालून आलेला असतो. त्या जास्तीच्या चालीमुळे काही रंगांच्या लाटा एकमेकींत बरोबर बसतात, ते रंग उजळतात. काहींच्या लाटा उलटसुलट पडतात, ते रंग मरतात. जी बेरीज उरते तिला आपण हिरवा, निळा, गुलाबी अशी नावं देतो.

चिलटाचा पंख म्हणजे कायटिनचा असाच एक थर. कायटिनचा अपवर्तनांक साधारण १.५७ आहे. तो घेऊन गणित मांडलं, तर सरळ वरून पाहताना सुमारे १७० नॅनोमीटर जाडीला जांभळा येतो, २००ला निळा, २६०च्या आसपास हिरवा, ३३०ला किरमिजी आणि ४३०ला पुन्हा हिरवा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना करा. म्हणजे काय, तर माझ्या फोटोतला पंख हा एक नकाशा आहे. डोंगराच्या नकाशावर उंचीच्या रेषा असतात तशा यावर जाडीच्या रेषा. बुडाशी जाड, टोकाकडे पातळ. आणि हा नकाशा वाचायला प्रयोगशाळा लागत नाही, जेवणाचं टेबल पुरतं! मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

या यादीत लालभडक रंग कुठेच नाही, हे लक्षात आलं का? एकट्या पातळ थरातून शुद्ध लाल निघत नाही. अशा पंखाच्या फोटोत कुणी टोमॅटोसारखा लाल दाखवला तर एक तर तिथे खरोखरीचं रंगद्रव्य आहे, किंवा फोटोवाल्याने सॅच्युरेशनचा स्लायडर मनसोक्त ओढलाय. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता काळ्या कापडाचं काय? तर असा थर आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी जास्तीत जास्त पाचवा हिस्सा परत पाठवतो. बाकीचा सगळा आरपार जातो. खाली पांढरा कागद असेल तर तो आरपार गेलेला उजेड कागदावर आपटून परत वर येतो आणि त्या लोंढ्यात आपला नाजूक रंग बुडून जातो. खाली काळं असलं की लोंढा तिथेच मुरतो. पेट्रोलचा तवंग डांबरावर एवढा झळकतो, त्याचं कारणही हेच.

गंमत अशी की हे न कळण्यासारखं काहीच नव्हतं. रॉबर्ट हूकने १६६५च्या 'मायक्रोग्राफिया'त पातळ थरांच्या रंगांचं वर्णन करून ठेवलंय. मोराचं पीस पाण्याने भिजवलं की त्याचा रंग जातो, हेही त्याने पाहिलं होतं. न्यूटनने १७०४च्या 'ऑप्टिक्स'मध्ये जाडी आणि रंग यांचा हिशेबच मांडला. तरीसुद्धा माश्या, चिलटं आणि बारक्या गांधीलमाश्यांच्या पारदर्शक पंखांवरच्या या नक्षीकडे कीटकशास्त्राचं जवळजवळ दुर्लक्षच झालं. क्वचित कुणी नोंद केली असेल, पण बहुतेकांच्या लेखी ती साबणाच्या फुग्यासारखी येणारी-जाणारी झिलई होती. तिची दखल काय घ्यायची?

मग २०११ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या एकातेरिना शेवत्सोवा आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध छापला. त्यांनी दाखवलं की ही नक्षी येणारी-जाणारी नाही. पंखाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म वळ्या, उंचवटे आणि केस असतात, त्यांच्यामुळे ती बऱ्यापैकी स्थिर राहते. साबणाच्या फुग्यासारखी कोन बदलला की सरभेसळ होत नाही. वर प्रत्येक जातीची नक्षी आपापली, आणि काही जातींत तर नराची वेगळी, मादीची वेगळी. त्यांनी तिला 'विंग इंटरफिअरन्स पॅटर्न' असं नाव दिलं.

एवढी वर्षं ती दिसली का नाही, याचं कारण मला सगळ्यात जास्त आवडलं. कीटक जपून ठेवायच्या ज्या नेहमीच्या रीती आहेत ना, त्यांनीच ती पुसली होती. कीटक पांढऱ्या कार्डावर चिकटवायचा, म्हणजे रंग बुडाला. नाहीतर पंख कॅनडा बाल्सममध्ये बसवून काचपट्टी करायची. बाल्समचा अपवर्तनांक कायटिनच्या इतका जवळ असतो की उजेडाला मधे थर आहे हे जाणवतच नाही. म्हणजे तिथेही रंग बुडाला. संग्रहालयांतून वर्षानुवर्षं मन लावून, काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसांनी जे बघायचं तेच नेमकं पार्श्वभूमीत हरवत होतं. आमच्या धंद्यात असा बग सापडला की आधी हसू येतं आणि मग जरा भीती वाटते.

बरं, फोटो कसे काढतो ते सांगतो, कारण पुढचं भांडण त्यावरच आहे.

मी चिलटं मारत नाही. एका बरणीत पिकलेलं केळं, वर मलमलचं फडकं. दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार होते, आणि आपलं आयुष्य संपवून जी तळाशी पडतात ती माझी मॉडेल्स. (बायको म्हणाली, "तू घरात चिलटं पाळतोयस हे माझ्या आईला सांगू नकोस." सांगितलेलं नाही.) सूक्ष्मदर्शकाचं चार पटींचं ऑब्जेक्टिव्ह एक्स्टेन्शन ट्यूब्ज लावून कॅमेऱ्यावर बसवलंय. एवढ्या मोठेपणाला एका वेळी मिलिमीटरचा फक्त विसावा भाग स्पष्ट येतो, आणि पंख काही इस्त्री केलेला नसतो. म्हणून कॅमेरा ०.०३ मिलिमीटरने पुढे सरकवत तीस-चाळीस फोटो घ्यायचे आणि 'एनफ्यूज' नावाच्या फुकट प्रोग्रॅमला द्यायचे. तो प्रत्येक फोटोतला रेखीव भाग उचलून एक फोटो बनवतो. मधेच वरच्या मजल्यावर काकूंचा मिक्सर लागला तर थांबायचं. मिक्सरची थरथर चार पटीत भूकंपासारखी दिसते.

खरी कटकट उजेडाची. पंख आरशासारखा वागतो, तेव्हा रंग दिसायचा तर त्या आरशात काहीतरी उजळ दिसत असलं पाहिजे. फ्लॅश मारला तर एक पांढरा ठिपका मिळतो, बस. मी एका बाजूला थर्मोकोलचा मोठा तुकडा उभा करतो आणि खिडकीचा उजेड बटर पेपरमधून गाळून त्यावर पाडतो. तो पांढरा पसारा पंखाच्या आरशात आला की पंख पेटतो. शेवटी ग्रे कार्डाचा एक फोटो, त्यावरून व्हाइट बॅलन्स. सॅच्युरेशनला हात लावत नाही.

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत हौशी लोकांच्या कलाकृतींचं छोटंसं प्रदर्शन होतं. मी चिलटाच्या एका पंखाचा दोन फुटी प्रिंट लावला. लोक थांबत होते, "चिलट? खरंच?" म्हणत होते, मला मनातल्या मनात गुदगुल्या होत होत्या. काका आले, चष्मा वर करून जवळून पाहिलं, दहा माणसांसमोर म्हणाले, "चांगलंय हो. पण रंग तू भरलाएस."

मी म्हटलं, "नाही काका, असाच आहे."

"अरे, मला सांगतोस?"

इथे काकांची ओळख करून द्यायला हवी. इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये त्यांनी डाईंग मास्टर म्हणून चाळीस वर्षं काढली. रंगाच्या बाबतीत सोसायटीत त्यांचा शब्द शेवटचा. घरात पडदे कुठले घ्यायचे हे विचारायला लोक त्यांच्याकडे जातात. अशा माणसाने सगळ्यांसमोर 'भरलाएस' म्हणणं मला लागलं. फोटो वाईट म्हटलं असतं तर चाललं असतं. खोटा म्हटलं, ते चालेना.

रविवारी ते आपणहूनच खाली आले. मी वर लिहिलंय ते सगळं लाटांचं पुराण ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघ, रंग म्हणजे माल. पोत्यातून येतो, किलोवर मोजतात. पाण्यात सुटतो, कापडाला धरतो, उन्हात उडतो. तुझ्या पंखात माल कुठाय?"

"मालच नाहीये काका. तेच तर सांगतोय."

"मग सिद्ध कर. सॉल्व्हंटमध्ये टाक. रंग असेल तर सुटेल."

हे मला फार आवडलं. इतक्या सोप्या परीक्षेवर वाद आणून ठेवणारी माणसं हल्ली भेटत नाहीत. लेन्स पुसायला ठेवलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल होतंच. पंख काळ्या कापडावरून काचेवर घेतला, काचेखाली काळा कागद सरकवला, काकांना कॅमेऱ्याच्या स्क्रीनसमोर बसवलं आणि ड्रॉपरने एक थेंब सोडला.

रंग गेला. एका क्षणात. स्क्रीनवर नुसत्या शिरा उरल्या.

"सुटला!" काका म्हणाले. "बघ!"

मी काही बोललो नाही. थेंबाचा थोडा भाग टिपून पांढऱ्या टिश्यूवर घेतला. डाग नाही. मग दोघंही वाट पाहत बसलो. अल्कोहोल उडायला मिनिटभरही लागत नाही. पंखाची एक कड सुटी झाली आणि तिथे निळा उगवला. मग हळूहळू आत, हिरवा, किरमिजी, जसाच्या तसा. थेंब असताना पंखाच्या दोन्ही बाजूंना हवेऐवजी अल्कोहोल होतं. कायटिन आणि अल्कोहोलच्या अपवर्तनांकात फरक कमी, म्हणून परतणारा उजेड नावापुरता उरला. हवा परत आली, रंग परत आला.

काकांनी ते चार वेळा करायला लावलं. चौथ्या वेळी ड्रॉपर स्वतःच घेतला.

मग जरा वेळाने म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून निळा वेगळाच दिसतो मला. पट्टी काढली त्या दिवशी हिची जुनी साडी बघून मी विचारलं, ही नवीन कधी घेतलीस? तेव्हापासून डोक्यात आहे. शेवटची वर्षं मी ज्या डोळ्यांनी शेड पास करत होतो, ते डोळे पिवळे होते. मग मी काय पास करत होतो?"

चेष्टेत नव्हते विचारत. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळं पडतं, निळा उजेड खातं. ते काढून कृत्रिम बसवलं की निळा परत येतो, हे अगदी खरं आहे. मी म्हटलं, "पण काका, तुम्ही एकटा तुकडा कधी पास करत होतात? सॅम्पल आणि माल शेजारी ठेवूनच ना? दोन्हीकडे बघणारा डोळा एकच. पिवळा तर दोघांनाही पिवळा."

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि उजेडही ठरलेला. लाइट बॉक्समध्येच बघायचो. ट्यूबलाइटखाली एक वाटणाऱ्या दोन शेड उन्हात नेल्या की निराळ्या निघतात. म्हणून तर बायका मॅचिंगचं कापड घेऊन दुकानाबाहेर येतात." आणि एकदम, "आम्ही शेड कार्डावर लिहायचो, कुठल्या लाइटखाली मॅच केलं ते. तूही लिही की. नुसतं 'पंखाचा रंग' म्हणू नकोस. कशाखाली, कुठल्या बाजूने, खाली काय होतं. मग कोण तुला खोटं म्हणेल?"

मंडळी, आम्ही सॉफ्टवेअरवाले बग रिपोर्टमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, व्हर्जन, मेमरी सगळं लिहितो, कारण नुसतं 'माझ्या मशीनवर चालतंय' या वाक्याला काही अर्थ नसतो. काकांनी तेच सांगितलं, त्यांच्या भाषेत. पंखाचा रंग एकट्या पंखाचा नाहीच. पडद्याची जाडी, खालचा काळोख, समोरचा उजेड आणि बघणारा डोळा, या चौघांचा मिळून तो आहे. त्यातलं एक बदला, रंग बदलेल. म्हणून काही तो खोटा होत नाही. अटी जशाच्या तशा जुळवल्या की कुणाच्याही घरी, कितीही वेळा तोच रंग यायला हवा. खरं असण्याची याहून चांगली कसोटी मला तरी माहीत नाही.

आणि चौथा भिडू, म्हणजे बघणारा डोळा, नेहमी माणसाचाच असतो असंही नाही. २०१४ साली याच चिलटांवर, ड्रोसोफिलावर, एक अभ्यास छापून आला. त्यात दिसलं की माद्या नर निवडताना त्याच्या पंखावरच्या या नक्षीचाही विचार करतात. नर मादीसमोर एक पंख पसरून थरथरवतो, ते आपण त्याचं गाणं म्हणून ओळखतो. म्हणजे गाण्याबरोबर रंगही दाखवणं चालू असतं. चिलटांना अतिनील उजेड दिसतो, तांबडा जवळजवळ दिसत नाही. तेव्हा मादी त्या पंखात जे बघते ते माझ्या दोन फुटी प्रिंटमध्ये नाही, कधी येणारही नाही. माझा फोटो माणसांच्या डोळ्यांपुरता खरा आहे. तेवढं मला पुरे आहे, पण तेवढंच आहे हे माहीत असलेलं बरं.

आता माझ्या प्रत्येक फोटोखाली चार ओळी असतात. उजेड: उत्तरेची खिडकी, सकाळी दहा, बटर पेपर आणि थर्मोकोल. पार्श्वभूमी: काळी मखमल. भिंग: चार पट, छत्तीस फ्रेम्स. प्रक्रिया: ग्रे कार्डावरून व्हाइट बॅलन्स, बाकी काही नाही.

यंदाच्या गणपतीत दोन प्रिंट शेजारी शेजारी लावायचेत. पंख तोच, कॅमेरा तोच, उजेड तोच. एकात खाली पांढरा कागद, दुसऱ्यात काळं कापड. खालची कार्डं काका लिहिणार आहेत. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, आणि शेड कार्डं लिहायची त्यांना सवय आहे.